कोटातली वाडी

माझ्या मामाची वाडी रेवदंड्याला कोटात आहे. कोटात म्हणजे अगदी शब्दशः कोटात. अलिबागहून येणारी एसटी नागाव, चौल मागे टाकते आणि समोर काळ्या दगडांचा तट उभा राहतो. त्या तटाला खिंडार पाडून रस्ता आत गेला आहे. गाडी आत शिरली की दोन्ही अंगांना नारळी-पोफळी, मधून कौलारू घरं, विहिरी, कुंपणावर जास्वंद. गाव किल्ल्याच्या पोटात आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच मामा असे तटाच्या आत राहत असणार.

मामाच्या परसाची मागची बाजू म्हणजे तोच तट. त्याच्या एका कोनाड्यात झापं रचलेली असतात, तटाला टेकून सुपारी सोलायची जागा आहे. माडांच्या शेंड्यांवरून सातखणी मनोरा दिसतो. तो फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या सेंट बार्बारा चर्चचा मनोरा, हे मला फार उशिरा कळलं. आजी नुसतं 'सातखणी' म्हणायची आणि तटाला 'फिरंग्यांचा कोट', म्हणजे पोर्तुगीजांचा. तिच्या तोंडी फिरंगी म्हणजे मागच्या पिढीत बिऱ्हाड हलवून गेलेले शेजारी असावेत, इतके जवळचे वाटायचे.

गेल्या वर्षी आगोटीच्या आधी मामा माडाच्या रोपांसाठी खड्डे घेत होता. मी शेजारी बसून होते. गुडघाभर खाली गेल्यावर पहारीला काहीतरी खणकन लागलं. मामाने वाकून उचललं, अंगठ्याने माती पुसली आणि माझ्या हातावर ठेवलं. चिनीमातीचा तुकडा, जुन्या रुपयाएवढा. पांढऱ्यावर निळी रेघ, रेघेला फुटलेलं अर्धं पान. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, पण निळा रंग काल भरल्यासारखा. "हे निघतंच असतं गं," मामा म्हणाला, "ठेव वृंदावनावर." तुळशीच्या कट्ट्यावर आधीच असे पाच-सहा तुकडे मांडलेले होते. मामी रोज त्यांच्याभोवतीने पाणी घालते, इतक्या वर्षांत कुणी ते टाकून दिले नाहीत. त्या अर्ध्या पानाने मला या गावाच्या नादाला लावलं.

रेवदंडा हा जुन्या चौल बंदराचाच भाग, आणि त्या चौलचं म्हातारपण फिरंग्यांपेक्षा कितीतरी मोठं आहे. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने 'सिमुल्ला' म्हणून लिहिलेलं बंदर ते हेच. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ९१६ च्या सुमाराला अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला, तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजार मुसलमान या बंदरात राहत होते, असं त्याने नोंदवलं आहे. तेव्हा इथे शिलाहारांचं राज्य होतं. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलला उत्खनन केलं, तेव्हा दूरदूरच्या देशांतली खापरं मिळाली. चौलला तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी, असं इथले लोक सांगतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक देऊळ, एक तळं. मोजायला कुणी जात नाही, पण रामेश्वराच्या पुष्करणीकाठी बसलं की आकडा खोटा वाटत नाही.

पंधराव्या शतकात, १४६९ च्या आसपास, अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझकडून बोटीने चौलला उतरला. सोबत एक घोडा होता. तो विकून नफा करावा एवढाच त्याचा बेत. इथल्या लोकांची उघडी अंगं, एकच वेणी घातलेले केस त्याने नवलाने लिहून ठेवले, आणि आपण गोरे म्हणून लोक आपल्यालाच बघायला जमतात हेही लिहिलं. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. मला त्या माणसापेक्षा त्याच्या घोड्यात जास्त रस आहे, कारण पुढची सगळी गोष्ट घोड्यांवरून घडली.

दख्खनच्या पठारावर लढाऊ घोडा नीट पैदा होत नाही. बहमनी असो, निजामशाही असो, विजयनगर असो, सगळ्यांचं घोडदळ अरबस्तान आणि इराणकडून येणाऱ्या जनावरांवर उभं. ही जनावरं समुद्रातून येणार, म्हणजे समुद्र ज्याच्या हातात त्याच्या हातात घोडदळाचा लगाम. पोर्तुगीजांनी हे चटकन ओळखलं. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं आणि १५१५ मध्ये होर्मुझवर पक्की मांड ठोकली. घोडे जिथून निघतात ते एक टोक आणि जिथे उतरतात ते दुसरं, दोन्ही त्यांच्याकडे आली.

चौलच्या पाण्यात ते त्याआधीच आले होते, आणि इथे त्यांना मोठा मारही बसला. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुकांचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आलं, दीवचा सुभेदार मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला, आणि व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मैदाचा मुलगा लोरेन्सु इथे खाडीच्या तोंडाशी सापडला. माघार घेताना त्याचं गलबत मासे धरण्यासाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकलं. पायाला तोफगोळा लागला तरी तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला आणि तिथेच मेला. बापाने पुढच्या वर्षी फेब्रुवारीत दीवला त्याचा सूड घेतला. या लढाईबद्दल वाचताना मी नेहमी त्या खुंटांपाशी थांबते. ते कुणी रोवले असतील? इथल्याच कुणा कोळ्याने, आपल्या जाळ्यासाठी. त्याला मामलुक कोण आणि व्हाइसरॉय कोण, याच्याशी काय देणंघेणं!

१५१६ मध्ये पोर्तुगीजांनी चौलला वखार घातली. वखार म्हणजे माल ठेवायची जागा, हिशेबनीस, पाचपन्नास माणसं. निजामशाहीला त्यात भिण्यासारखं काही वाटलं नसणार. बंदरात अरब होते, गुजराती होते, त्यांत आणखी एक. पाचच वर्षांनी, १५२१ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाने त्यांना गढी बांधायची परवानगी दिली आणि बदल्यात मागितले घोडे. १५२४ पर्यंत गढी पुरी झाली. दरवाजावर पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह बसलं.

आधी वखार, मागून कोट. हा क्रम आपल्या किनाऱ्यावर पुढे अनेकदा दिसला, आणि तो ओळखणारी माणसंही आपल्याकडे होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जे लिहिलं आहे, ते चौलची कहाणी समोर ठेवूनच लिहिलं असावं असं वाटतं. हे लोक इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या मागे राजे आहेत, यांना भूमीची हाव आहे. वखारीला जागा देणं भागच पडलं तर खाडीच्या तोंडाशी, समुद्राकाठी देऊ नये, आत दूरवर द्यावी, पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. रेवदंड्याचा नकाशा काढून बघा. कुंडलिका समुद्राला मिळते नेमक्या त्या मुखावर कोट आहे. जे देऊ नये म्हणून अमात्य सांगतात, ते सगळं बुऱ्हाण निजामशहाने दीड-दोनशे वर्षं आधी देऊन टाकलं होतं. त्याला दोष द्यायला मात्र माझं मन होत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर विजापूर होतं, गुजरात होतं. घोडे हवेत की नकोत, एवढाच प्रश्न त्या दिवशी त्याच्यापुढे होता.

कोटाच्या तोफांचं खरं काम लढाईच्या दिवशी कमी आणि इतर दिवशी जास्त होतं. पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला होता. समुद्रात गलबत न्यायचं तर हा कागद जवळ हवा. त्यात तांडेलाचं नाव, गलबताचा आकार, माणसं, हत्यारं, कुठून कुठे जाणार हे सगळं लिहिलेलं. मिरी त्यांच्या परवानगीशिवाय न्यायची नाही, आणि जाता-येता त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची. कागदाची किंमत थोडी, जकातीची मोठी. कागद नसलेलं गलबत सापडलं की मालासकट जप्त. हजार-दीड हजार वर्षं ज्या पाण्यात वाटेल त्याने वाटेल तिथे शीड उभारलं, त्या पाण्यात आता आपल्याच बंदरातून निघताना दुसऱ्याची चिठ्ठी घ्यायची. हे वाचताना मला आजही चीड येते. कोट बघायला येणारे पर्यटक तोफांवर बसून फोटो काढतात. त्या तोफांच्या जरबेवर तो कागद चालत होता, हे त्यांना कुणी सांगत नाही.

असं असूनही सीमेच्या दोन्ही अंगांना गाव भरभराटीला आलं. खाली खाडीच्या तोंडाशी फिरंग्यांचं चौल, म्हणजे आजचं रेवदंडा, वर निजामशाहीचं चौल. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज आला, त्यानेही ही दोन शहरं वेगवेगळी नोंदवली. वरच्या चौलात साळ्यांचे माग होते. रेशमी कापड इतकं निघायचं की गोव्याला पुरून उरे. लाखकाम केलेल्या पेट्या, पेटारे, खाटा यांची ख्याती युरोपी प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. विणणारे वर, विकत घेऊन जहाजात भरणारे खाली. मधे जकातीचा नाका. माणसं रोज इकडून तिकडे जात असणार, आज चौलनाक्यावरून रेवदंड्याच्या बाजाराला जातात तशी.

ही सीमा ओलांडणाऱ्यांपैकी एकजण मला विशेष आवडतो. गार्सिया द ओर्ता, पोर्तुगीज वैद्य. गोव्यात राहायचा, आणि बुऱ्हाण निजामशहाला औषधपाणी करायला अहमदनगरला जायचा. तिथल्या हकिमांशी वाद घालायचा, त्यांच्याकडून शिकायचा. इथल्या वनस्पती, मसाले, औषधं यांच्यावरचा त्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. आंबा, फणस, हिंग, वेलदोडा, सगळं त्यात आहे. त्याच्या घराण्याचं मूळ यहुदी. तो मेल्यावर काही वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. ज्या सत्तेच्या झेंड्याखाली त्याने आयुष्यभर काम केलं तिने मेल्यावरही त्याला सोडलं नाही. अलिबाग-चौलच्या याच अष्टागरात बेने इस्रायली, आपले शनिवार तेली, घाणा चालवत आणि शनिवार पाळत शतकानुशतकं सुखाने राहिले. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आहे. कोटाच्या आतला कायदा आणि बाहेरची रीत यांत केवढं अंतर होतं, ते मला ओर्ताच्या हाडांवरून कळतं.

१५७० च्या अखेरीला निजामशाहीचा धीर सुटला. मुर्तझा निजामशहा चौलवर, विजापूरचा अली आदिलशहा गोव्यावर, कालिकतचा झामोरीन तिथल्या जवळच्या चाले किल्ल्यावर, अशी एकाच वेळी उठावणी झाली. पोर्तुगीज इतिहासकार चौलसमोर लाखाच्या वर फौज होती असं लिहितात. शत्रूचा आकडा फुगवायची रीत सगळीकडचीच, तरी फौज मोठी होती यात शंका नाही. आत मूठभर लोक. गढी सोडली तर शहराला धड तटही नव्हता, घरंच बुरुजांसारखी लढवली गेली. गोव्यावर वेढा असतानाही तिथून समुद्रमार्गे मदत येत राहिली. समुद्र मोकळा असेल तर जमिनीवरचा वेढा किती पोकळ असतो, ते आपण पुढे जंजिऱ्याला पुन्हा शिकलो. सहा-सात महिने झुंज चालली. शेवटी १५७१ च्या पावसाळ्यात तह झाला आणि फौज परत गेली. फरिश्ता या फारसी इतिहासकाराने अपयशाचं जे कारण दिलं आहे ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. निजामशहाचे सरदार फितूर झाले होते आणि लाच म्हणून पोहोचत होती पोर्तुगीज दारू.

मामाच्या परसातला तट हा त्या वेढ्याने शिकवलेला धडा आहे. शहराभोवतीचं मोठं दगडी कुंपण त्यानंतर उभं राहिलं. एके ठिकाणी त्याचा चिरा निखळला आहे, तिथे आत बोट घालता येतं. चुन्याचा गिलावा अजून दगडासारखा कडक आणि त्यात कालवांच्या शिंपल्यांच्या पांढऱ्या कपच्या. शिंपले भाजून चुना करायची रीत आपल्या किनाऱ्याची. नीट न जळालेले तुकडे तसेच राहून गेलेले. राजचिन्ह लिस्बनचं, पण ते ज्याने उचलून धरलं आहे तो चुना इथल्या खाडीतला आणि तो कालवणारे हातही इथलेच.

१५९० च्या दशकात निजामशाहीने खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारून पुन्हा एकदा प्रयत्न केला. तिथून खालच्या फिरंगी शहरावर थेट मारा होई. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो किल्लाच घेतला, आणि खाडीच्या तोंडाचे दोन्ही काठ त्यांचे झाले. पण तोवर व्यापाराचा वारा फिरू लागला होता. सुरत वर आलं, डच आले, इंग्रज आले, १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांकडे गेली आणि चौलचे व्यापारी, विणकर हळूहळू तिकडे सरकले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलला वेढा घातला, तो तडीस गेला नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मग रेवदंड्याचा जीवच गेला. मराठ्यांचे सरदार मानकर यांनी कोर्लई घेतली. १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, फिरंगी जहाजात बसून गोव्याला गेले. कोर्लईच्या सान दिएगु बुरुजाचा गणेश बुरूज झाला.

ते गेले, पण इथे काय सोडून गेले? लोक पाव, बटाटा, काजू, हापूस अशी खाण्याची यादी सांगतात, ती खरीच आहे. मला मात्र वाटतं, वखारीतून आपल्याकडे आलेले शब्द ओळीने मांडून बघावेत. पगार. चावी. बिजागरी. पिंप. घमेलं. लिलाव. काडतूस. तुरुंग. हे शब्द एकट्या चौलहून आले नाहीत, गोवा, वसई, साष्टी सगळ्या किनाऱ्यावरून आले. पण एका दमात म्हटले की वखारीचा अख्खा दिवस डोळ्यांसमोर येतो. चावीने दार उघडतं, बिजागरी करकरते, पिंपं बाहेर येतात, घमेल्यांनी माल उपसला जातो, लिलाव होतो, संध्याकाळी पगार वाटतात. आणि जो ऐकत नाही त्याच्यासाठी काडतूस आणि तुरुंग. आपण हे शब्द इतके आपले करून टाकले की कुणाला शंकाही येत नाही. आजी म्हणायची, "कोठीची बिजागरी बदलायला हवी गो." तिच्या दृष्टीने याहून जास्त मराठी वाक्य असूच शकत नव्हतं.

त्याच खड्ड्यांच्या आठवड्यात मी साळावच्या पुलावरून कोर्लईला गेले. एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बायका बसल्या होत्या. कंडक्टरशी मराठीत बोलल्या, सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी थोडं वाजलंही, आणि मग एकमेकींशी वळून बोलू लागल्या ते मला एक अक्षर कळेना. चाल मात्र ओळखीची. वाक्याचा हेल आपला, हुंकार आपला, 'अगं बाई' म्हणताना हात जसा हलतो तसाच हात हलत होता. ही कोर्लईची क्रिस्ती. ते लोक स्वतः तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची बोली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, आणि क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. किल्ल्यावरचे शिपाई आणि इथले बाटवलेले गरीब लोक, गुलाम, चाकर यांच्या घरांत ती जन्मली. राज्य १७४० ला गेलं, त्याला जाऊन आता पावणेतीनशे वर्षांच्या वर झाली, तरी हजारभर माणसांच्या तोंडी ती अजून आहे. राजचिन्हं झिजली आणि ज्यांना कुणी माणसांत मोजलं नसेल त्यांच्या चुलीपाशी जुळलेली भाषा टिकली. या गोष्टीचा मला फार मोठा आधार वाटतो, आणि धास्तीही वाटते, कारण शाळा मराठीत, चर्चमधली प्रार्थना मराठीत, कामधंदा मराठीत. खिडकीशी बसलेली एक पोर मधेच आईला काहीतरी विचारत होती, ते मराठीत.

परत येताना मी घरी न जाता रेवदंड्याच्या बंदरावर उतरले. होड्या नुकत्या लागल्या होत्या. समोर कोर्लईचा डोंगर मगरीसारखा पाण्यात पसरलेला, मागे कोटाचा तट, आणि मधल्या ओल्या वाळूत बायकांचं कोंडाळं. बोंबील, कोळंबी, थोडे हलवे, एका पाटीत चार पापलेटं. लिलाव सुरू झाला. बोलणारा माणूस आकडे इतक्या झपाट्याने चढवत होता की मला शेवटचेच ऐकू येत होते. "बाराशे, बाराशे, साडेबारा," आणि एका काळ्यासावळ्या म्हातारीने नुसती हनुवटी वर केली. माल तिचा झाला. तिने कनवटीची पिशवी सोडली, नोटा ओल्या बोटांनी दोनदा मोजल्या, घमेल्यात बर्फ पसरला, त्यावर बोंबील ओतले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, जरा हात लाव." मी एका बाजूने धरलं. घमेलं तिच्या डोक्यावर चढलं आणि ती तटाच्या खिंडारातून बाजाराच्या दिशेने निघाली.